तुमचे प्रश्न : कामिनी फुलत का नाही?

या खेपेच्या पत्रांत कामिनीने बाजी मारली आहे. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवून आजचं सगळं पान तिलाच देते. कुणी तिला कुंती लिहिलंय, कुणी मधुकामिनी, झुडूप एकच. बारमाही हिरवं, चकचकीत पानांचं, लिंबाच्या गोतातलं. पान चुरडून नाकाशी धरलंत की गोत कळतंच. उजेडासमोर धरलंत तर पानभर बारीक पारदर्शक ठिपके दिसतात, त्या तेलाच्या ग्रंथी, थेट लिंबाच्या पानासारख्या. हे नातं लक्षात ठेवा. खालच्या बऱ्याच दुखण्यांचं मूळ त्यात आहे.

प्रश्न : कुंपणालगत कामिनीची रांग आहे. झाडं जुनी, पानं गर्द आणि तजेलदार. माळी दर पंधरा-वीस दिवसांनी कात्री मारून ती अगदी सपाट ठेवतो. फुलं मात्र वर्षाकाठी एखाद-दुसरा झुबका, तोही आत कुठेतरी. शेजारी एकच झाड आहे, त्याला कुणी हातही लावत नाही, आणि ते पांढरंशुभ्र होतं. आमचं खत कमी पडतंय का?

खत कमी पडत नाहीये, कात्री जास्त पडतेय. पानं गर्द आणि तजेलदार असं तुम्हीच लिहिलंय. उपाशी झाडाची पानं तशी नसतात.

कामिनीचं फूल जुन्या, जाड लाकडावर फारसं येत नाही. ते येतं नव्या फुटीच्या टोकाशी. माळी कात्री मारतो, तिथून पोपटी फूट निघते, ती जरा वाढून शेंड्याला कळी धरायच्या बेतात असते, तेवढ्यात माळी पुन्हा हजर. रांग सपाट राहते आणि दर खेपेला पुढचा बहर कचऱ्याच्या पाटीत जातो. आत कुठेतरी येणारा तुमचा तो झुबका म्हणजे कात्रीच्या तावडीतून सुटलेली फांदी, दुसरं काही नाही. शेजारच्यांचं गुपितही एवढंच, की ते काही करत नाहीत.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, बघून घ्या. पुढच्या वेळी रांगेतला हातभर पट्टा न छाटता तसाच सोडा आणि तिथली एक कोवळी फांदी जाता-येता न्याहाळा. सुरुवातीला पानं मऊ, झुलती आणि पोपटी असतात. मग ती ताठ होतात, रंग गडद व्हायला लागतो. शेंड्याकडे पानं लहान लहान होत जातात आणि त्यांच्या बेचक्यात फिकट हिरवे दाणे दिसू लागतात, मोहरीहून बारीक. नखाने पान जरा बाजूला सारलं तर एका देठावर आठ-दहा दाण्यांची मांडणी दिसेल. त्या कळ्या. पुढे त्या लांबट आणि पांढुरक्या होतात आणि मग एका संध्याकाळी बहुतेक सगळ्या एकदम उमलतात. माळ्याला हे एकदा दाखवा. कात्री आपोआप थबकते.

मग छाटायचं कधी? मोठा बहर ओसरला की लगेच. तेव्हा हवी तेवढी छाटा आणि नंतर झाडाला मोकळं सोडा. वर्षात एक चांगली छाटणी आणि मधे एखादी हलकी, एवढ्यावर कामिनीची रांग नीट राहते. ती थोडी केसाळ दिसेल, मान्य आहे. पण रेघ मारल्यासारखी सपाट रांग आणि घमघमता बहर हे दोन्ही एकाच झाडाकडून मागू नये. मला विचाराल तर सपाट हिरवाईसाठी बिनफुलांची दुसरी झुडपं पुष्कळ आहेत. कामिनी लावून तिची फुलं कापत बसणं म्हणजे गाणारीला घरी बोलावून बोलू न देण्यातला प्रकार. तडजोड हवीच असेल तर रस्त्याकडची बाजू सपाट ठेवा आणि माथा व आतली बाजू सुटी सोडा.

दोन गोष्टी छाटणीबद्दलच. एक, लांब पात्यांची कुंपणाची कात्री पानं अर्ध्यात कापते आणि त्या कडा करपून तपकिरी होतात. सिकेटरने, म्हणजे एका हातात धरायच्या छाटणीच्या कात्रीने, फांदी पेरावर कापली तर ही शोभा टळते. रांग मोठी असेल तर ते शक्य नाही हे मला कळतं, पण निदान दर्शनी भागात करा. दोन, रांगेचा पाया माथ्यापेक्षा किंचित रुंद ठेवा. माथा रुंद झाला की खाली ऊन पोचत नाही, खालची पानं झडतात आणि मग "खालून पाय उघडे पडलेत" अशी पत्रं मला येतात. आलंही आहे एक, खाली घेते.

पाण्याचंही थोडं आहे. कामिनीचा बहर लाटांनी येतो, आणि कोरडे दिवस जाऊन चांगला पाऊस पडला की लाट हमखास येते. रोज थोडंथोडं पाणी पिणाऱ्या झाडाला हा इशारा कधी मिळतच नाही. जमिनीत मुरलेल्या जुन्या झाडांना बहराआधी पाण्याचा ताण द्यायला हरकत नाही: पानं दुपारी किंचित मलूल दिसेपर्यंत थांबा, मग एकदा भरपूर पाणी द्या, माती हातभर खोल भिजेल इतकं. कुंडीतल्या झाडावर आणि नव्या रोपावर हा प्रयोग नको. तिथे मलूल आणि मेलेलं यांत फार अंतर नसतं.

आणि लॉनवर टाकलेलं नत्रयुक्त खत वाऱ्यावर कुंपणापर्यंत येत असेल तर तेही थांबवा. त्याने पानंच पानं होतात.

प्रश्न : गच्चीवर मोठ्या कुंडीत कामिनी आहे. नवी पानं पिवळी येतात, शिरा तेवढ्या हिरव्या. एकाने एप्सम सॉल्ट सांगितलं, ते दिलं. दुसऱ्याने हिराकस सांगितली, तीही घातली. दोन-चार आठवडे बरं वाटलं आणि पुन्हा तेच. आता काय घालू?

आता काही घालू नका. आधी कुंडीचा काठ बघा. त्यावर पांढरट खरखरीत थर चढलाय का? चढला असेल तर निदान तिथेच झालं.

पिवळेपणा कुठल्या पानांवर आहे, यावर सगळं अवलंबून असतं. जुनी, खालची पानं आधी पिवळी होत असतील आणि देठाकडे हिरवा त्रिकोण शिल्लक राहत असेल तर मॅग्नेशियम कमी. तिथे एप्सम सॉल्टचा उपयोग. जुनी पानं सरसकट फिकी पडत असतील तर नत्र कमी. तुमची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, म्हणजे लोह. लोह झाडात एकदा जिथे बसलं तिथून सहसा हलत नाही, म्हणून उणीव नव्या पानांवर उमटते, जुनी हिरवीच राहतात. एप्सम सॉल्ट देऊन तुम्ही वेगळ्याच दुखण्याचं औषध दिलंत.

पण लोह मातीत नसतं असं क्वचितच होतं. असतं, झाडाला घेता येत नाही. जड, चुनखडीचं पाणी वर्षानुवर्षं घातलं की मातीचा सामू (पीएच) चढतो, म्हणजे ती अल्कधर्मी होते, आणि अशा मातीत लोह गंजासारखं अडकून पडतं. हिराकस म्हणजे लोहाचंच मीठ; ती घातलीत तेव्हा काही दिवस झाडाला लोह मिळालं, मग नवं लोहही त्याच मातीत अडकलं. म्हणून "पुन्हा तेच".

चिलेटेड लोहाने, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रेणूत बांधलेल्या लोहाने, हे टळतं, पण पाकिटावरची अक्षरं वाचून घ्या. ईडीटीए प्रकारचं लोह सामू साडेसहाच्या वर गेला की टिकत नाही; ईडीडीएचए प्रकारचं अल्कधर्मी मातीतही काम करतं. दुसऱ्याचं पाणी गडद लाल होतं, हात रंगतात, फरशीवर सांडलं तर डाग पडतो. पाकिटावरच्या प्रमाणात ते मातीत द्या. पिवळी झालेली जुनी पानं पूर्ण हिरवी होतील अशी आशा धरू नका. त्यानंतरची फूट कशी येते ते बघा.

हे झालं तातडीचं. खरा उपाय म्हणजे पावसाचं पाणी साठवून अधूनमधून कुंडी त्या पाण्याने धुवून काढणं, म्हणजे खालून भरपूर पाणी वाहून जाईपर्यंत देणं, आणि दोन-तीन वर्षांनी माती बदलणं. माती बदलताना मुळांचा बाहेरचा गच्च गोळा बोटांनी सोडवा, फार तर पाव भाग कापा, आणि तेवढ्याच मानाने वरच्या फांद्याही कमी करा. नव्या मिश्रणात कोकोपीट आणि कुजलेलं शेणखत असू द्या, निचऱ्यासाठी जाड वाळू किंवा परलाइट.

आणखी एक तपासा. माती सतत ओली राहत असेल तर मुळं गुदमरतात, आणि गुदमरलेली मुळं लोह घेत नाहीत, सामू कितीही चांगला असो. बोट दोन पेरं खोल घाला. ओलं लागलं तर पाणी नाही, तारीख काहीही असो. कुंडीखालच्या ताटलीत साचलेलं पाणी तर कधीच नाही.

(जमिनीतल्या कामिनीला भिंतीलगतच हा पिवळेपणा येत असेल तर खणून बघा. बांधकामाचा राडारोडा आणि चुन्याचे गिलावे तिथे पुरलेले असतात.)

प्रश्न : कामिनीच्या कोवळ्या शेंड्यांवर पांढरे दोऱ्यासारखे तंतू दिसतात, पानं वाकडी होतात, खालची पानं चिकट आणि काळी पडली आहेत. दहा पावलांवर लिंबाचं झाड आहे. त्याला लागेल का?

लागेल, आणि म्हणून हे उत्तर जरा लांबवते.

काळं जे दिसतंय ते दुखणं नाही. रस शोषणारी कीड गोड चिकटा सांडते आणि त्यावर काजळीसारखी बुरशी वाढते; कीड गेली की ती ओल्या फडक्याने पुसली जाते. चिकटा मावा, खवले कीड, पिठ्या ढेकूण, कुणाचाही असू शकतो. पण कोवळ्या शेंड्यावर मेणचट पांढरे तंतू आणि वाकडी पानं म्हटल्यावर माझा पहिला संशय लिंबूवर्गीय सायलावर. भिंग घ्या. पिलं चपटी, पिवळट-केशरी, शेंड्याच्या घडीत दाटीवाटीने बसलेली असतात आणि ते तंतू त्यांच्याच अंगातून निघतात. मोठा कीटक ३ ते ४ मिलिमीटरचा, मळकट तपकिरी, ठिपकेदार पंखांचा. बसण्याच्या ढबीवरून तो चुकत नाही: डोकं पानाला टेकलेलं आणि पार्श्वभाग तिरका वर. दुसरा कुठला कीटक कामिनीवर असा शीर्षासनाच्या तयारीत बसलेला मी बघितलेला नाही.

कामिनीला तो फारसा मारत नाही. धोका लिंबाला आहे. लिंबूवर्गीय फळझाडांचा ग्रीनिंग नावाचा जीवाणूजन्य रोग हाच कीटक पसरवतो आणि त्या रोगावर इलाज नाही. झाड हळूहळू वाळत जातं, फळं वाकडी, कडवट आणि अर्धी हिरवीच राहतात. कामिनी सायलाची अत्यंत आवडती. अमेरिकेतल्या फ्लोरिडात ही कीड १९९८ मध्ये सापडली, आणि ती राज्यभर पोचण्यात विक्रीसाठी इकडून तिकडे गेलेल्या कामिनीच्या रोपांचा मोठा हात होता. रोग २००५ मध्ये दिसला आणि तिथल्या संत्र्याच्या बागांचं कंबरडं मोडलं. शोभेच्या झुडपाकडून एवढी उलथापालथ होईल असं कुणाच्या मनातही नसतं. म्हणूनच लिंबूवर्गीय बागांच्या अनेक प्रदेशांत कामिनीची रोपं नेण्या-आणण्यावर निर्बंध आहेत. रोप दूरवर कुणाला भेट द्यायचं असेल तर आधी तिथला नियम विचारून घ्या.

आता करायचं काय. सायलाची मादी अंडी घालते ती फक्त नुकत्या उलगडणाऱ्या कोवळ्या पालवीत. जून पानाकडे ती अंड्यांसाठी फिरकत नाही. म्हणजे पहिल्या पत्रातला कात्रीचा उद्योग इथेही नडतो: सारखी छाटणी, सारखी कोवळी फूट, आणि कीटकाला बारा महिने पाळणाघर. छाटणी वर्षातून एक-दोनदाच केली तर फूट एकदम येते, एकदम जून होते, आणि लक्ष ठेवायचे आठवडे मोजके राहतात.

त्या आठवड्यांत दर चार दिवसांनी शेंडे बघा. किडलेले शेंडे कापून पिशवीत बंद करा, झाडाखाली टाकू नका. बाकीच्यांवर पाण्याचा जोराचा फवारा. नंतर कडुनिंबाचं तेल, लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर आणि थोडा सौम्य साबण, संध्याकाळी, पानांच्या खालूनही. आठवड्याने पुन्हा. कळ्या उमलल्या असतील तर फवारणी पुढे ढकला, कारण कामिनीच्या फुलांवर मधमाश्या तुटून पडतात.

मेलेल्या पिलाच्या टरफलाला बारीक गोल भोक दिसलं तर फवारा खाली ठेवा. सायलाच्या पिलांवर अंडी घालणारी एक अगदी चिमुकली गांधीलमाशी आहे, तिचं पिल्लू ते भोक पाडून बाहेर पडतं. ढालकिड्याच्या अळ्याही सायला खातात. जहाल कीटकनाशकाने हे दोघे आधी मरतात आणि सायला आठ दिवसांत परत येतो.

खोडावर मुंग्यांची रांग असेल तर तीही तोडा. मुंग्या चिकट्यासाठी किडीची राखण करतात.

आणि लिंबू? नवी कामिनी लावणार असाल तर लिंबापासून लांब लावा. आहे ती काढून टाकायची का, हा तुमचा निर्णय. घरचं एकच लिंबू असेल तर मी दोघांवर लक्ष ठेवून दोघांना राहू देईन. आसपास कुणाची संत्र्या-मोसंबीची बाग असेल तर मात्र मी कामिनी ठेवणार नाही, कितीही जीव जडला असला तरी.

प्रश्न : कामिनीच्या पानांवर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखं दिसत होतं. दुसऱ्या दिवशी ती विष्ठा चालू लागली!

तिला चालू द्या. फुलपाखराची अळी आहे. लिंबाच्या गोतावर वाढणारी काही मोठी फुलपाखरं कामिनीवरही अंडी घालतात. लहानपणी त्यांची अळी तपकिरी-पांढरी, ओलसर चमकणारी असते, म्हणजे पक्ष्याला तिच्यात जेवण दिसू नये. मोठी झाली की हिरवीगार होते आणि पानात मिसळून जाते. काडीने हलकेच टोचून बघा: डोक्यामागून लालसर-केशरी दुबेळकं झटकन बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. पुन्हा टोचू नका, तिला त्रास देऊन आपल्याला काय मिळणार!

भरलेल्या झाडाला चार अळ्यांनी काही होत नाही. वीतभर रोप असेल तर ती एका दिवसात त्याचा खराटा करू शकते. तेव्हा अळी फांदीच्या तुकड्यासकट उचलून मोठ्या कामिनीवर किंवा कढीलिंबावर ठेवा.

प्रश्न : फुलं एका-दोन दिवसांत गळून जातात. टिकावीत म्हणून काय करावं?

काही नाही. ती तशीच असतात. अख्खा बहर आठवड्याभरात आटोपतो. झाडाखाली पांढरा सडा पडत असेल तर झाड उत्तम आहे.

उमलण्याआधीच हिरव्या कळ्या गळत असतील तर गोष्ट वेगळी. तेव्हा कुंडी एकदा पूर्ण सुकून गेली होती का, किंवा कळ्या धरल्यावर जागा बदलली का, ते आठवून बघा.

प्रश्न : बी लावावं, फांदी लावावी की गुटी बांधावी?

घाई असेल तर गुटी, हौस असेल तर बी, आणि धीर असेल तर फांदी.

फळं पिकून केशरी-लाल झाली की तोडा, गर पाण्याखाली चोळून काढा आणि त्याच दिवशी पेरा, जेमतेम सेंटिमीटरभर खोल. बी वाळवून डबीत ठेवलंत तर त्याची उगवण झपाट्याने कमी होते. पाकिटातल्या बियांवर पैसे घालवू नका. उगवतं सहज, पण फुलायला काही वर्षं घेतं. बुलबुलांना ही फळं आवडतात आणि रोपं भलतीकडे उगवतात, तेव्हा रान जवळ असेल तर फळं धरण्याआधी झुबके खुडा. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये कामिनी अशाच रीतीने बागेतून रानात शिरली आणि आज तिथे ती तणांत मोडते.

फांदी लावायची तर अर्धवट जून झालेली, १२ ते १५ सेंटिमीटर लांब. फार कोवळी कुजते, फार जून फुटत नाही. खालची पानं काढा, मुळं फुटायची पूड लावा, वाळू आणि कोकोपीटमध्ये खोचा, वरून प्लॅस्टिकची पिशवी. कामिनी याबाबतीत जास्वंदीइतकी सोपी नाही. एक लावून बघू नका, दहा लावा.

गुटीला पेन्सिलीएवढी जाड, सरळ फांदी निवडा. दोन-तीन सेंटिमीटर रुंदीची साल गोल काढा आणि आतला हिरवट, बुळबुळीत थर चाकूच्या पाठीने खरवडून पुरता घालवा. गुटी फसण्याचं मुख्य कारण हा राहिलेला थर: तो असेल तर साल पुन्हा जुळते आणि मुळं येत नाहीत. वरच्या कडेला मुळांची पूड, भोवती भिजवून पिळलेलं शेवाळ, त्यावर प्लॅस्टिक घट्ट बांधा. पावसाळी, दमट हवेत साधारण दोन-तीन महिन्यांत प्लॅस्टिकमधून पांढरी मुळं दिसतात. ती पुरेशी दिसेपर्यंत फांदी कापू नका. गुटीचं झाड आधीच वयात आलेल्या फांदीचं असतं, म्हणून ते लवकर फुलतं.

नर्सरीतून आणणार असाल तर बारीक पानांची बुटकी जात आणि मोठ्या पानांची उंच जात यांत फरक असतो, तो विचारून घ्या. कुंडीला बुटकी बरी. मोठी जमिनीत मोकळी सोडली तर चांगली दोन-तीन मीटर होते, कधी त्याहून उंच.

प्रश्न : वासाने डोकं दुखतं. झाड खोलीच्या खिडकीशी आहे.

वास संध्याकाळनंतर वाढतो आणि रात्रभर राहतो. कुंडी असेल तर बहराच्या आठवड्यात हलवा. जमिनीत असेल तर खिडकीकडच्या फांद्यांच्या कळ्या खुडा. या पानावर कळ्या खुडायचा सल्ला मी फक्त तुम्हालाच देतेय.

प्रश्न : थंडीत हिमाच्या भीतीने कुंडी घरात आणली आणि पंधरा दिवसांत निम्मी पानं गळली. मेलं का झाड?

फांदीची साल नखाने किंचित खरवडा. खाली हिरवं असेल तर जिवंत आहे. बाहेरच्या उन्हातून एकदम घरातल्या मंद उजेडात आणि हीटरच्या कोरड्या हवेत आलेली कामिनी अशीच पानं टाकते. खरं तर बाहेर गारवा सुरू झाला की तिला आधी सावलीत, मग घरात, असं टप्प्याटप्प्याने आणायला हवं. आता तिला घरातल्या सगळ्यात उजेडाच्या खिडकीशी ठेवा, हीटरपासून दूर. पाणी निम्म्याहून कमी करा, कारण पानंच नाहीत तर पाणी उडणार कुठून? खत अजिबात नाही. उरलेल्या पानांच्या पाठी बघा. बारीक जाळं आणि धुळीसारखे ठिपके दिसले तर लाल कोळी आहे, कोरड्या घरात तो हटकून येतो. न्हाणीघरात नेऊन पानं खालून-वरून धुवा, आठवड्यातून एकदा.

प्रश्न : खूप जुनी रांग आहे. वर छत्रीसारखा हिरवा माथा, खाली कमरेपर्यंत नुसत्या काटक्या. उपटून नवी लावावी का?

उपटू नका. कामिनीचं लाकूड कठीण आणि चिवट असतं, आणि निरोगी झाडाच्या जुन्या खोडातूनही ती फुटते. फक्त सगळी एकदम कापू नका.

पहिल्या वर्षी प्रत्येक झाडाच्या सगळ्यात जाड फांद्यांपैकी एक तृतीयांश निवडा आणि गुडघ्याच्या उंचीवर कापा, करवतीने, किंचित तिरकं. थंडी सरून वाढीचा हंगाम लागायच्या सुमाराला हे करा. माथाही थोडा आत घ्या, म्हणजे खालच्या ठोंबांना ऊन लागेल. ऊन नसेल तर ठोंब फुटतच नाही, मग दोष कामिनीला देतात. बुंध्याभोवती शेणखत आणि पालापाचोळ्याचं आच्छादन घाला, खोडाला चिकटवून नव्हे, चार बोटं सोडून. फूट आली की तिचेही शेंडे एकदाच खुडा, म्हणजे ती बाजूंना पसरेल. पुढच्या वर्षी दुसरा तृतीयांश, त्याच्या पुढच्या वर्षी उरलेला.

मधे एखादं झाड खरोखरच मेलेलं निघालं तर तिथे नवं रोप लावा, शेजारच्यांपासून साधारण ६० सेंटिमीटरवर. दोन्हीकडच्या जुन्या झाडांची मुळं त्याच्या खड्ड्यात शिरतात, म्हणून खड्डा मोठा घ्या, आतली जुनी मुळं काढून टाका आणि पहिली दोन वर्षं त्या एकट्याला वेगळं पाणी द्या. या काळात काही फांद्यांवर फुलं येतील, काहींवर येणार नाहीत. माळ्याला नव्या फुटीजवळ जाऊ देऊ नका.